एकाच वर्षी सुरू झालेल्या दोन वाटा : खान्देशातील ज्येष्ठ नागरिक संघांचा इतिहास

खान्देशातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा इतिहास लिहायचा, तर तो 1980 पासून धरणे सोयीचे आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी विखुरलेल्या संघांना एकत्र आणणारा महासंघ, म्हणजे आपण सगळे ज्याला फेस्कॉम म्हणतो तो, स्थापन झाला. त्याच वर्षी राज्य सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. एकीकडे निवृत्तिवेतन घेणारे, सभा भरवणारे, इतिवृत्त लिहिणारे वृद्ध होते. दुसरीकडे तलाठ्याचा दाखला हातात धरून तहसील कचेरीच्या पायरीवर बसलेले वृद्ध होते. वय तेच, तालुकाही तोच, पण चाळीसहून अधिक वर्षे या दोन वाटा शेजारून चालत राहिल्या आणि फार क्वचित एकमेकींना भेटल्या. संघांनी केलेल्या कामाचा गौरव या स्मरणिकेत ठिकठिकाणी होईल आणि तो व्हायलाच हवा. मला मात्र ही हकिगत दोन्ही वाटा समोर ठेवून सांगायची आहे.

सुरुवातीचे संघ कुणाचे होते, हे आपल्या जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांची रचना पाहिली की कळते. भुसावळला रेल्वे आणि आयुध निर्माणी, वरणगावला दुसरी निर्माणी, जळगाव आणि धुळ्याला जिल्ह्याची कचेरी, कोर्ट, कोषागार, एसटीची विभागीय कार्यालये, आणि सगळ्या तालुक्यांत पसरलेले जिल्हा परिषदेचे शिक्षक. दर महिन्याला बँकेत पेन्शन जमा होणारा हा वर्ग. पासबुक भरायला आलेली माणसे बँकेच्या बाकावर बोलत बसायची. पुढे तीच मंदिराच्या ओसरीत किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात जमू लागली. अध्यक्ष बहुधा निवृत्त मुख्याध्यापक, सचिव कचेरीत हयात काढलेला आणि हिशोब चोख ठेवणारा. घटना, वर्गणी, मासिक सभा, वाढदिवसाला गुलाबाचे फूल, मृत्यूनंतर दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली. हे सारे नोकरीतल्या शिस्तीतून आले होते आणि त्या शिस्तीमुळेच संघ टिकले.

त्या वेळी म्हातारपणाकडे पाहण्याची समाजाची आणि सरकारची दृष्टी वेगळी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान बत्तीस-तेहतीस वर्षांच्या आसपास होते. 1970-75 या काळातही ते पन्नाशीच्या अलीकडेच राहिले. साठी गाठणे हीच मोठी गोष्ट असल्याने त्यानंतरची वर्षे घरात, देवापाशी, नातवंडांत घालवायची असे धरलेले असे. साठीनंतरच्या आयुष्याचे वेगळे शास्त्र असते, वेगळे वैद्यक असते, हे आपल्याकडे कुणाच्या गावीही नव्हते. जगात मात्र ते सुरू झालेले होते. वार्धक्यवैद्यकाला इंग्रजीत आज जे नाव आहे ते 1909 साली अमेरिकेतल्या इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरांनी दिले. इंग्लंडमध्ये मार्जोरी वॉरेन या डॉक्टर बाईंनी 1935 नंतर, अंथरुणाला खिळलेले म्हणून सोडून दिलेल्या वृद्धांना तपासून, उठवून, चालते करून दाखवले. आपल्या देशात मद्रासमध्ये डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला तो 1978 साली. संयुक्त राष्ट्रसंघाने वार्धक्यावरची पहिली जागतिक परिषद व्हिएन्नाला भरवली 1982 मध्ये. म्हणजे आपल्या संघांचा जन्म आणि जगाचे या विषयाकडे लक्ष वळणे, ही जवळजवळ एकाच वेळची गोष्ट आहे. आपल्या पहिल्या पिढीच्या कार्यकर्त्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी त्यांनी नेमके तेच काम हाती घेतले.

पहिल्या वीस वर्षांचे काम मुख्यतः विरंगुळ्याचे होते. योगासने, भजन, सहली, कोजागरी, व्याख्याने, रक्तदाब आणि साखरेची तपासणी. 1995 साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी हास्य क्लब सुरू केल्यावर ती पद्धतही आपल्या बागांमध्ये आली. या कामाला कमी लेखणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला ते कधीच पटले नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता माणसाला कुठेच जायचे नसते, ही रिकामी वेळ किती जड असते हे अनुभवल्याशिवाय समजत नाही. जोडीदार गेलेल्या माणसाला मेहरूण तलावाकाठी किंवा पांझरेच्या काठावर फिरायला सोबत मिळाली आणि तो पुन्हा नीट जेवू लागला, हे संघाचे काम कुठल्याही औषधाइतके खरे आहे. महासंघाचे मुखपत्र ‘मनोहारी मनोयुवा’ घरी येऊ लागले. खान्देश प्रादेशिक विभागामुळे जळगाव, धुळे आणि 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांतले संघ एकमेकांना ओळखू लागले. अधिवेशनांमुळे राज्यभरातल्या वृद्धांची गाऱ्हाणी एकच आहेत हे कळले.

या काळातला सर्वांत दिसणारा बदल डोळ्यांचा होता. ज्यांनी जुनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहिली आहे, त्यांना आठवेल. डोळ्यातले सगळे भिंगच काढून टाकत. रुग्णाला डोळ्यांवर पट्टी बांधून हालचाल न करता पडून राहावे लागे. पुढे आयुष्यभर जाड काचांचा चष्मा लागे, त्यातून समोरचे मोठे दिसे आणि बाजूचे वाकडे. तो चष्मा फुटला की म्हातारी माणसे पुन्हा आंधळी. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही, या समजुतीत लोक दोन-दोन वर्षे चाचपडत घरात बसत. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला, पण खेड्यापर्यंत फरक पोचला तो नव्वदीच्या दशकात. 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प राबवला गेला आणि त्यात महाराष्ट्र होता. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत सर्वदूर झाली आणि पट्टी दुसऱ्या दिवशी सुटू लागली. आपल्या संघांनी शिबिरांसाठी नावनोंदणी केली, रुग्णांना गाडीत बसवून नेले, परत आणले. ज्या काही मोजक्या कामांत पेन्शनर आणि शेतमजूर एका रांगेत बसले, त्यांतले हे एक. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत राबलेली बाई आणि तिच्याच गावचे निवृत्त गुरुजी, दोघांच्या डोळ्यांत एकाच दिवशी एकाच प्रकारचे भिंग बसले.

1999 हे संयुक्त राष्ट्रसंघाने वृद्धांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षी जानेवारीत भारताचे पहिले राष्ट्रीय वृद्ध धोरण आले. महाराष्ट्राचे धोरण 2004 मध्ये आले, 2013 मध्ये ते नव्याने मांडले गेले, आणि 2018 मध्ये राज्याने ज्येष्ठत्वाचे वय साठ ठरवले. या प्रत्येक टप्प्यामागे महासंघाची निवेदने, मोर्चे, मंत्रालयातल्या खेपा आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या निवेदनांचा वाटाही त्यात आहे.

पण खरा पालट झाला तो 2007 च्या कायद्याने. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण अधिनियम महाराष्ट्रात 2009 मध्ये लागू झाला आणि त्याचे नियम 2010 मध्ये आले. त्याआधी आईबापाला पोटगी मागायची सोय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होतीच. कल्याणच्या एका प्रकरणात 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही बापाला सांभाळण्याची जबाबदारी आहे असा निकाल दिला होता. पण कोर्टाची पायरी, वकिलाची फी आणि तारखा, यांत सत्तर वर्षांचा माणूस पडणार कसा? नव्या कायद्याने हे काम प्रांताधिकाऱ्यांकडे दिले. जळगाव जिल्ह्यात जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, पाचोरा, एरंडोल, फैजपूर. धुळ्यात धुळे आणि शिरपूर. साध्या कागदावर अर्ज, नोटीस गेल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता, आणि न्यायाधिकरणापुढे वकील उभा करता येत नाही असे कायद्यातच लिहिलेले.

संघांच्या कामाचे स्वरूप इथून बदलले. सभेत आरोग्याच्या व्याख्यानाबरोबर सातबाऱ्याचे प्रश्न येऊ लागले. खान्देशात घराघरांत घडणारी गोष्ट अशी: बाप हयात असतानाच जमीन मुलांच्या नावावर होते, कधी प्रेमाने, कधी रोजच्या भांडणाला कंटाळून. 2015 पासून मुलांना शेतजमीन किंवा राहते घर बक्षीस देण्यासाठी मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये झाले आणि ही वाट आणखी सोपी झाली. मग वाटणी होते आणि वाटणीत आईबापही येतात. आई धाकट्याकडे, बाप थोरल्याकडे. पन्नास वर्षे एका चुलीवर जेवलेली दोन माणसे एकाच गल्लीत वेगवेगळ्या घरी जेवू लागतात. कुणी उपाशी ठेवत नाही, म्हणून कुणाला त्यात छळ दिसत नाही. माझ्या मते वृद्धांच्या छळाच्या सगळ्या चर्चेत या एका प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे.

कायद्याचे कलम 23 याच ठिकाणी उपयोगी पडते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. अडचण ‘अट’ या शब्दापाशी येते. प्रेमाने दिलेल्या बक्षीसपत्रात अट लिहितो कोण? डिसेंबर 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध व्हायला हवी यावर भर दिला. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या हितासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगून एका आईला तिची मालमत्ता परत मिळवून दिली. म्हणून संघाच्या व्यासपीठावरून गेली काही वर्षे एकच वाक्य पुन:पुन्हा सांगितले जाते आणि ते इथेही छापून ठेवतो: बक्षीसपत्र करायचेच असेल तर आमरण सांभाळ करण्याची आणि घरात राहण्याच्या हक्काची अट त्यात लिहून घ्या, आणि शक्य असेल तर बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करा.

वृद्धाश्रमांबद्दल थोडक्यात. 1995 मध्ये राज्याने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. जळगावजवळ सावखेडा शिवारात केशवस्मृती प्रतिष्ठान वृद्धाश्रम चालवते. सुरुवातीला वृद्धाश्रम हा शब्द उच्चारला तरी आपल्या सभांत माणसे अस्वस्थ होत. आता तिथल्या रहिवाशांना भेटायला संघाच्या सहली जातात. प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे आश्रम टप्प्याटप्प्याने उभारावेत असे 2007 चा कायदा सांगतो. या बाबतीत सगळीकडेच गती मंद आहे.

प्रवासाच्या सवलतींनी मात्र वृद्धांचे जग खरेच मोठे केले. एसटीच्या अर्ध्या तिकिटावर किती वारकरी पंढरपूर आणि मुक्ताईनगरला जाऊन आले असतील! ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. रेल्वेची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, आणि ती पुन्हा मिळावी ही मागणी भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातून सातत्याने होत आहे. आमच्याकडे रेल्वेचा प्रवास हौसेचा फार थोडा असतो. खान्देशातली मुले सुरतेला आहेत, उधना-लिंबायतच्या चाळींत, यंत्रमागावर, साडीच्या बाजारात. काही पुण्याला, काही नाशिकला. तापीकाठच्या लोहमार्गावरून आईबाप नातवंडांना भेटायला जातात आणि आठवड्यात परत येतात, कारण दहा बाय दहाच्या खोलीत त्यांना झोपायला जागा नसते. श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळे भाऊबंद गावी येतात आणि दोन दिवस घर भरते. तिसऱ्या दिवशी गाड्या निघून जातात. गावोगावी मागे राहणाऱ्या या माणसांची मोजणी कुठल्याही संघाच्या नोंदवहीत नाही.

2020 च्या साथीने ही उणीव फार क्रूरपणे दाखवली. त्या जूनमध्ये जळगावात कोविडसाठी दाखल झालेल्या 82 वर्षांच्या आजी बेपत्ता असल्याचे सांगण्यात आले. नातेवाइकांनी शोध घेतला, पोलिसांत नोंद झाली, आणि कितीतरी दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात त्यांचा मृतदेह मिळाला. देशभर बातमी झाली, चौकशी झाली, निलंबने झाली. त्या आजी रुग्णालयाच्या आवारातच होत्या. त्यांना उठायला, चालायला, परत खाटेवर यायला मदत करणारे कुणी नव्हते, आणि त्या नाहीत हे वेळेवर कुणाच्या लक्षात आले नाही. त्या वर्षी आपल्या संघांनीही अनेक सभासद गमावले आणि श्रद्धांजलीच्या सभाही घेता आल्या नाहीत. पण संघांनी फोनची साखळी केली, रोज सकाळी एकाने पाच जणांना फोन करायचा. पुढे काही ठिकाणी ती बंद पडली. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात एकट्या वृद्धांसाठी ती एप्रिल-मेमध्ये तरी चालू ठेवायला हवी, असे मला मनापासून वाटते.

शास्त्रही या काळात बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या अहवालाने रोग किती आहेत यापेक्षा माणूस स्वतःचे स्वतः काय करू शकतो, याला महत्त्व दिले. चालणे, ऐकणे, पाहणे, आठवणे, खाणे, मन प्रसन्न असणे. 2021 ते 2030 हे दशक निरामय वार्धक्याचे म्हणून जाहीर झाले. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशातल्या 72 हजारांहून अधिक प्रौढ आणि वृद्धांची पाहणी केली, तिचा पहिला अहवाल जानेवारी 2021 मध्ये आला. साठीपुढच्या दर चार जणांतल्या तिघांना काही ना काही दीर्घकाळचा आजार आहे असे त्यात दिसले. 2011 च्या जनगणनेत देशात दहा कोटींहून अधिक वृद्ध होते, महाराष्ट्रात दर दहा माणसांत जवळपास एक. साठी गाठलेला माणूस आज सरासरी आणखी अठरा वर्षे जगतो. इतका काळ जाणार असेल तर गुडघे, कान आणि स्मरणशक्ती यांचा विचार साठीच्या आधीच करावा लागतो. धुळ्याला 1988 पासून आणि जळगावला 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे वृद्धांसाठी वेगळी रांग, वेगळी वेळ, चाकाची खुर्ची ढकलणारा मदतनीस मिळावा, ही मागणी पेन्शनरांइतकीच तहसीलच्या पायरीवरच्या माणसांची आहे.

त्या दुसऱ्या वाटेचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 1995 च्या 15 ऑगस्टला केंद्राने पासष्टीपुढच्या निराधारांना महिन्याला 75 रुपये देणे सुरू केले. पुढे ते 200 झाले, 2011 मध्ये वय साठवर आले आणि ऐंशीपुढच्यांना 500 मिळू लागले. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचे 200 रुपये मात्र तिथेच थांबले आहेत. राज्याने संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांत भर घालून ही रक्कम आधी 600, मग 2019 मध्ये 1000 आणि 2023 मध्ये 1500 रुपयांवर नेली. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार रुपये. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, धुळ्याची गिरणी यांत आयुष्य गेलेल्या कामगारांपैकी ज्यांना भविष्य निर्वाह निधीचे पेन्शन मिळाले, त्यांची किमान रक्कम 2014 पासून 1000 रुपये आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर भागातल्या पावरा आणि भिल्ल म्हाताऱ्यांच्या आधारकार्डावर जन्मतारीख बहुधा 1 जानेवारी असते, वर्ष कुणीतरी अंदाजाने घातलेले. त्या अंदाजात पाच वर्षांची चूक झाली, तर पाच वर्षांचे अनुदान बुडते. शेतात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. आपल्यासाठी 2014 मध्ये हयातीचा डिजिटल दाखला आला आणि नोव्हेंबरची रांग कमी झाली. त्यांच्यासाठी हाच अंगठा नवा अडसर झाला.

आपल्या संघांत असे शेकडो सभासद आहेत ज्यांनी नोकरीत तीस-पस्तीस वर्षे अर्जच तपासले. कुठल्या दाखल्याला कुठला पुरावा लागतो, फाइल कुठल्या टेबलावर अडते, त्रुटीचे पत्र आले तर उत्तर कसे द्यायचे, हे त्यांना तोंडपाठ आहे. म्हणून महासंघाच्या खान्देश विभागापुढे या स्मरणिकेच्या निमित्ताने एक प्रस्ताव ठेवतो. प्रत्येक तालुक्याच्या संघाने बाजाराच्या दिवशी, जेव्हा खेड्यातली माणसे तालुक्याला येतात, तहसील कचेरीच्या आवारात एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडाव्यात. सकाळी दहा ते दुपारी दोन, दोन सभासद, एक नोंदवही. निराधार, श्रावणबाळ, सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड, प्रांतांकडचा निर्वाहाचा अर्ज, एवढेच काम. वहीत नाव, गाव, वय, अर्जाचा क्रमांक, आणि पुढच्या आठवड्यात त्या अर्जाचे काय झाले याचा रकाना. संघाची वर्गणी त्यांच्याकडून घेऊ नये, आणि ज्याचे नाव वहीत आले त्याला सभासद मानावे.